धूळ उडाली की दम धरायचा

बाबांची सगळी नोकरी हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये गेली. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांपुढे धूळ सतत उडत असते. आता ते माझ्याकडे पिपरी मेघेला राहतात. आले तेव्हा चार शब्द बोलले की धाप लागून थांबायचे. मला झापायचं म्हटलं तरी मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागायचा.

डॉक्टरांनी पंप दिला होता. त्यात कॅप्सूल घालायची, फोडायची आणि पूड तोंडाने आत ओढायची. दोन महिन्यांत काडीचा फरक पडला नाही. मी तापट माणूस, दवाखान्यात जाऊन डॉक्टरांशी भांडून आलो.

त्याच आठवड्यात धाकटी बहीण आली. ती नागपूरला फुप्फुसाच्या औषधांवर संशोधन करते. मी तिला ‘धुळीची डॉक्टरीण’ म्हणून चिडवत असे. तिचे औषधाचे कण, नॅनोकण, इतके बारीक असतात की श्वासासोबत आत जाऊन तसेच परत येऊ शकतात. म्हणून ती त्यांना एकत्र बांधते.

"राजगिऱ्याचा लाडू पाह्य ना दादा," ती म्हणाली. "फुप्फुसात ओल लागली का दाणा दाणा मोकळा."

मी थक्क झालो, पण तसं बोललो नाही. मोठा भाऊ पडलो ना.

मग ती बाबांसमोर बसली आणि त्यांना पंप घ्यायला लावला. नंतर कॅप्सूल उघडून पाहिली. पूड जवळजवळ सगळी तशीच होती.

"बाबा, पूड लागली का तुमी श्वास काऊन बंद करता?"

"मंग का करू? धूळ उडाली का दम धराचा. जिनिंगमध्ये पयल्या दिवशी हेच शिकलो."

ज्या सवयीने त्यांना इतकी वर्षं थोडंफार वाचवलं, तीच आता औषध अडवत होती. बहीण हसली नाही. आठ दिवस सुट्टी टाकून तिने त्यांना रिकाम्या पंपावर श्वास ओढायला शिकवलं. "ही धूळ नाई बाबा, हिले आत येऊ द्या," हे तिने किती वेळा सांगितलं असेल! एवढा धीर माझ्या अंगात नाही. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि यावेळी मी तो बोलून दाखवला.

महिन्याभराने ती पुन्हा आली. बाबांनी तिच्यादेखत मला धारेवर धरलं. "तू डॉक्टरशी भांडाले गेलता, पण मी पंप घेताना माह्या तोंडाकडं एकदा तरी पाह्यलं होतं का? हातात देऊन मोबाईल पाहत बसे."

खरं होतं. मी मान खाली घातली.

एवढं सगळं ते मध्ये कुठेही न थांबता बोलले होते. तेही आधी बहिणीच्याच लक्षात आलं. मी मान वर केली तेव्हा ती डोळे पुसत होती.