पाण्याशिवाय प्लंबिंग शिकायचं कसं?

मंडळी, आज आमच्या वर्कशॉपात पाणी आलं. म्हणजे आम्हीच आणलं!

मी बेळगावात आयटीआयला प्लंबिंग शिकते. वर्षभर कोरड्याच पाइपांना जोड मारत होतो, कारण वर्कशॉपात पाण्याची लाइनच नव्हती. मग जोड गळतोय का, हे कळणार कसं? प्राचार्यांकडं पाणी मागितलं की उत्तर ठरलेलं, "बघू."

आज मी आणि माझी मैत्रीण सविता, दोघींनी गच्चीवरच्या टाकीपासून लाइन खाली आणली. प्राचार्य धावत आले.

"कुणाला विचारून केलासा गं हे?"

सविता म्हणाली, "सर, वर्षभर विचारलं की. आज केलं."

मी कॉक उघडला. माझाच जोड फुसकन सुटला आणि सरांचा शर्ट भिजला.

"येत न्हाय तर हात कशाला लावता?"

"येत न्हाय म्हणूनच शिकायला आलोय, सर," मी म्हटलं.

कॉक बंद केला, टेप नव्यानं गुंडाळली, पान्यानं जोड आवळला. परत पाणी सोडलं. एक थेंब गळला नाही. लई भारी वाटलं!

तरी सर उद्या लाइन काढायला माणूस पाठवणार म्हणे. येऊ दे. आम्ही दोघी वर्कशॉपातच बसून असू.

तुमच्याकडं कसं आहे? पोरांना मशीनला हात लावू देतात, की नुसतं लांबून दाखवतात?