उंद्रीहून पिळाच्या इमारतीपर्यंत

मलकापूरला गाडीत बसताच श्रावणने डबा उघडला. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा.

"खाय बे. इमारत दिसो न दिसो, पोट तं भरलेलं पाहिजे."

उंद्रीत माझा फोटो स्टुडिओ होता. श्रावण मुंबईत इमारतींच्या सळया बांधायचा. एकदा गावी आला तेव्हा त्याने हॉटेलात मोबाइलवरचा फोटो दाखवला. दोरखंडासारखी पिळलेली उंच इमारत. "हे आम्ही बांधून राह्यलो." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण फोटोतलं कळणारा गावात मीच. "मोबाइल हललाय," मी सांगून टाकलं. हशा पिकला. नंतर स्टुडिओत तोच फोटो मोठा करून पाहिला, तर इमारतीपुढचा विजेचा खांब अगदी सरळ होता. मी गप्प राहिलो. श्रावणचं नाव 'पिळदार' पडलं आणि त्याने कामाबद्दल बोलणंच सोडलं.

गेल्या महिन्यात त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "मले काय सांगतं? मले ठाऊकच हाय. गावाले सांग." म्हणून गावाला दाखवायला नीट फोटो काढायचा ठरवून आम्ही दोघं निघालो होतो.

मुंबईत सकाळी सगळं धुरकट होतं. इमारतीच्या फाटकाशी कॅमेरा काढला, तर पहारेकऱ्याने हटकलं, "काका, इथे फोटो काढायचा नाही."

"अरे, याच्या सळया म्या बांधल्या," श्रावण म्हणाला.

"खरंच? वर चक्कर नाही यायची?"

श्रावण माझ्याकडे पाहून हसला. असं त्याला कुणी विचारून वर्षं झाली होती. पहारेकऱ्यानेच मग समोरच्या पादचारी पुलाचा जिना दाखवला.

वरून अख्खी रांग दिसली. मी ऊन पडण्याची वाट पाहिली. शेजारच्या इमारती ताठ, मधली एकटी वळत वर गेलेली. फोटोत त्या सगळ्या घेतल्या, म्हणजे कॅमेरा हलला असं कुणी म्हणू नये.

परत आल्यावर तो फोटो हॉटेलात सगळ्यांपुढे ठेवला. "तेव्हा मोबाइल हलला नव्हता. मले त्याच दिवशी समजलं होतं."

"मंग काऊन नाही सांगतलं?" हॉटेलवाल्याने विचारलं.

"लाज वाटली."

मुंबईच्या प्रवासापेक्षा या दोन शब्दांपर्यंतचा प्रवास मला लांबचा वाटला.

"त्याले सोडा, मले विचारा," म्हणत श्रावणने बिस्किटाचे पुडे मागवले आणि एकावर एक रचू लागला. प्रत्येक पुडा खालच्यापेक्षा जरासा फिरवून. "असा दर मजला."

"पुडा फुटला तं घ्यावा लागीन!" हॉटेलवाला ओरडला. मनोरा डुलला, आणि 'मोबाइल हललाय' ऐकून तेव्हा सर्वांत मोठ्याने हसलेल्या माणसाने तो दोन्ही हातांनी सावरला.

"थांब, पडू देऊ नको," तो म्हणाला. "मंग वर काय केलं?"