कृष्णधवल महिना

माझ्या दोन्ही पिल्लांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ फोनवर बोलताना धाकटीने तुमच्या दिवाणखान्यातल्या भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "आजी, ही फोटोतली आजी देवाघरी कधी गेली?" मी "नंतर सांगते" म्हणाले आणि तुमच्याकडे बर्फ पडला का ते विचारत बसले. फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. हाच प्रश्न मी आधी एका लग्नात ऐकला होता. त्या दिवशीही मी काही बोलले नव्हते. म्हणून आता लिहून पाठवते आहे. आईकडून वाचून घ्या, आणि जिथे मी वाईट दिसते ते गाळू नको म्हणावं.

ती देवाघरी गेलेली नाही. ती सावली गावात राहते, नवऱ्याबरोबर तलावावर जाते आणि बाजारात मासळी विकते. आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशीची ती आई.

तुमचे आजोबा गेल्यावर तुमच्या बाबांनी मला तो मोठा कॅमेरा पाठवला, हे तुम्हाला माहीत आहे. मी मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. आधी त्याचं जाडजूड माहितीपुस्तक पेन्सिलीने खुणा करत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि मगच कॅमेऱ्याला हात लावला. आमच्या चंद्रपुरात कॅमेरा म्हटलं की वाघ. पण पहाटे उठून जीपमध्ये धूळ खाण्याचा कंटाळा आलेली काही मंडळी होती, त्यांनी माणसांचे फोटो काढायचा एक गट केला होता. त्यात मी गेले. दर महिन्याला एक विषय ठरायचा, सगळ्यांनी त्यावर चेहरे टिपायचे आणि महिनाअखेरीस कुणाच्या तरी घरी चहा-चिवड्यावर एकमेकांची चिरफाड करायची. एका महिन्यात फक्त खिडकीचा उजेड, एका महिन्यात अनोळखी माणूस, असं चालायचं. चित्रकलेचे एक निवृत्त सर प्रमुख होते. त्यांचा शब्द अखेरचा.

माझे फोटो नीट असायचे. चेहरा मधोमध, डोळे स्वच्छ, मागे काही लोंबत नाही. सर एकदा माझा फोटो हातात धरून म्हणाले, "काकू, मागे सही करून द्या, बँकेत चालेल." सगळे हसले. मीही हसले. पण त्यानंतर दर महिन्याला माझा फोटो वर आला की कोणी तरी हळूच "पासपोर्ट" म्हणायचं, आणि मला नाकावर चापट मारल्यासारखं व्हायचं. या वयात कोणाची शाबासकी हवी, असं तुम्हाला वाटेल. मला हवी होती.

मग कृष्णधवलचा महिना आला. सरांचा नियम कडक होता. महिनाभर कॅमेरा ब्लॅक अँड व्हाइटवरच ठेवायचा. आधी रंगीत काढून नंतर संगणकावर रंग घालवणं म्हणजे परीक्षेत कॉपी. गटातले बाकीचे लोक हे नियम थोडेफार वाकवत असत. मी वाकवले नाहीत. पहिल्या तारखेला सकाळीच कॅमेऱ्यात तो पर्याय निवडला आणि महिना संपेपर्यंत बदलला नाही.

मावशीला विचारलं तर ती खूश झाली. म्हणाली, "मायचा काढा ना जी. पोराचं लगन हाये, माह्या भाच्याचं. बॅनरवर मायचा फोटो पाहिजेच." हे वाक्य मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

सावलीला माझ्याबरोबर गटातले दातांचे डॉक्टर आले. त्यांना तलाव पाहायचा होता. आम्ही पोचलो तर ती दारात उभीच होती. मोरपंखी रंगाचं कोरं पातळ, तेल लावून चापून बसवलेले केस, मोठं कुंकू आणि चेहऱ्यावर कानापर्यंत पावडर. सावळ्या रंगावर ती पावडर जांभळट दिसत होती.

"या जी बाई, बसा. मी सकाळपासून अशीच बसली हावो. चहा बी नाई पेली, पावडर जाईन म्हणून."

"अन् आमचा बुढा त गावभर सांगून राह्यला," ती पुढे म्हणाली, "का परदेशातून क्यामेरा आला, माह्या बायकोसाठी."

तिचा नवरा ओसरीवर जाळं दुरुस्त करत होता. त्याने मान वर न करता म्हटलं, "बायकोसाठी नाई म्हटलं. बॅनरसाठी म्हटलं."

तुमची आजी या गमतीत नव्हती. तुमची आजी उजेड बघत होती. दाराच्या डाव्या बाजूने सुंदर उजेड येत होता आणि त्या उजेडात त्या चेहऱ्यावर ज्या रेषा दिसल्या असत्या, त्या सगळ्या पावडरीने बुजवल्या होत्या.

"आजी, हे पुसावं लागेल," मी म्हटलं. तिला मी आजी म्हणत होते. नंतर कळलं की ती माझ्याहून लहान आहे.

"काऊन जी? चांगली लावली ना."

"चेहरा सपाट दिसतो फोटोत."

"सपाट त सपाट. गोरी दिसन ना!"

डॉक्टर हसले, मावशी हसली, ओसरीवरचा बुढाही हसला. मी पर्समधून माझा इस्त्रीचा रुमाल काढला, पाण्यात बुडवला, एका हाताने तिची हनुवटी धरली आणि दुसऱ्या हाताने तिचं तोंड पुसायला लागले. तिने डोळे मिटून तोंड वर केलं. कुंकू सोडून कपाळ, गाल, नाकाच्या बाजू. काम नीट व्हावं म्हणून मी कानामागेही पुसलं. मग म्हटलं, "आणि हे पातळ चकाकतं. रोजचं लुगडं नेसता का?"

ती आत गेली. मावशी माझ्याकडे पाहत म्हणाली, "घडी आजच मोडली होती बाई, मायनं."

"वाघ बरा," डॉक्टर म्हणाले. "पावडर लावून येत नाही."

विटक्या लुगड्यात ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, आणि मला तेच हवं होतं. मी एकामागून एक फोटो काढत गेले. तुमच्या भिंतीवरची ती नजर आहे ना, जिला तुमची आई 'खोल' म्हणते, ती त्या सकाळची आहे. ती कष्टांची नाही, दुःखाची नाही. सजून बसलेल्या बाईला परक्या बाईने पुसून काढल्यावर जी नजर असते, ती आहे.

महिनाअखेरीस सर तो फोटो बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "आता हा पासपोर्ट नाही." बस, एवढंच. मी घरी येताना रिक्षात एकटीच हसत होते. दुसऱ्याच दिवशी मोठी प्रत करायला टाकली आणि तुम्हाला पाठवली.

मावशीने फोटो मागितला तेव्हा मी तोच तिच्या भाच्याच्या मोबाइलवर पाठवला. मावशीने भांडी घासता घासता विचारलं, "बाई, याच्यात रंग नाई?"

मी तिला समजावून सांगितलं. रंगाने लक्ष दुसरीकडे जातं, कृष्णधवलमध्ये माणूस दिसतो, मोठे मोठे कलाकार असेच काढतात. ती हात धुऊन ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "अजून एखादा, रंगीत?"

"नाही. रंगीत काढलाच नाही."

हे मी थोड्या अभिमानानेच सांगितलं. नियम पाळला होता ना.

नातवाने म्हणे घरी सांगितलं होतं की मोबाइलवर दुसरा काढू. पण मावशीची आईच अडून बसली. बाईनं एवढ्या दूरवरून येऊन, मोठ्या क्यामेऱ्यानं काढला, तोच लागन. बाई चुकीचा कशाले देतीन?

लग्नाला मला आग्रहाचं बोलावणं होतं. गावाच्या तोंडाशीच तो फ्लेक्स लावलेला होता. मधोमध नवरा-नवरी, खाली मामा, काका, मित्रमंडळ, सगळे गॉगल लावून, लाल-पिवळ्या रंगात. बुढाही होता, आधार कार्डासाठी काढलेल्या फोटोत असतो तसा ताठ. ती त्यांच्यात नव्हती. ती वर कोपऱ्यात, एकटी, गोल चौकटीत होती. भोवती झेंडूचा छापील हार, बाजूला पेटती समई. फ्लेक्स छापणाऱ्याने चुकीचं काही केलं नव्हतं. आमच्याकडे लग्नाच्या फलकावर बिनरंगाचा फोटो गेलेल्या माणसाचाच असतो, आशीर्वादासाठी. त्याने नेहमीप्रमाणे हार घातला. फ्लेक्स लग्नाच्या सकाळीच आला आणि पोरांनी तसाच बांधला.

मी गाडीतून उतरले तेव्हा नागभीडहून नवरीकडचं वऱ्हाड पोचलं होतं. नवरीचे मामा फ्लेक्सखाली बुढ्याचा हात धरून उभे होते, आवाज खाली आणून.

"कधी झालं जी? आम्हाले त कोणी सांगतलं बी नाई."

बुढ्याला कळेना. "का कधी झालं?"

मामांनी वर पाहिलं. बुढ्याने वर पाहिलं. आणि नेमकी तेव्हाच ती पाहुण्यांसाठी सरबताचा ट्रे घेऊन तिथे आली, आणि तिनेही वर पाहिलं.

तिने ट्रे मामांपुढे धरला. मग ती म्हणाली, "घ्या जी, सरबत घ्या. मेली होती मी, पण जेवण हाये म्हणून उठून आली."

हशा झाला. पोट्टे ओरडले, "आजीचं भूत! आजीचं भूत!" मामा कान पकडून माफी मागू लागले. "जित्ती हावो अजून," ती हसून म्हणाली, "चिमटा घेऊन पाहा." तेवढ्यात तिला मी दिसले. "आली का बाई! या, या." आणि पाहुण्यांना सांगितलं, "यायनंच काढला फोटो. लय मोठा क्यामेरा हाये यायचा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसले. मुलांनो, तिथे एक वाक्य बोलायचं होतं: चूक माझी आहे. मला मराठी येतं, इंग्रजी येतं, थोडं हिंदी येतं. एकाही भाषेत ते तोंडातून निघालं नाही. मी सरबताचा ग्लास उचलला.

नवरीकडची एक म्हातारी पुटपुटली की लग्नाच्या दारात सवाष्णीचा असा फोटो बरा नाही. ते तिला ऐकू गेलं. तिने ट्रे दुसऱ्या हातात घेतला आणि ती मांडवाकडे वळली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या दिवशी मांडवातली प्रत्येक बाई पावडर लावून मिरवत होती, पण तिने लावली नव्हती.

 बुढा घरात गेला आणि टिकल्यांचं पाकीट घेऊन आला. मांडवातली प्लास्टिकची खुर्ची ओढत रस्त्याच्या कडेला आणली, तिच्यावर चढला, पण हात पोचेना. मग नवरीच्या मामांनी खाली वाकून खांदा दिला. त्याने सगळ्यात मोठी लाल टिकली काढली आणि फ्लेक्सवरच्या तिच्या कपाळावर, मी काळं करून टाकलेल्या कुंकवावर, अंगठ्याने दाबून बसवली. खाली उतरून एकदा पाहिलं. म्हणाला, "आता झालं."

मला तिने स्वतः वाढलं. पुन्हा पुन्हा आग्रह केला. फोटोबद्दल एक शब्द नाही. मी पानातलं सगळं संपवलं.

पुढच्या आठवड्यात कॅमेरा रंगीतवर करून मी परत गेले. पावडरीचा डबाही नेला, नवा. ती बाजारात निघाली होती, डोक्यावर टोपली.

"आता काढून का करू जी? लगन त होऊन गेलं."

"तुमच्यासाठी. घरात लावायला."

"राहू द्या. मंग कधी येजा." मग हसली. "एकदा मेली, झालं." डबा तिने घेतला, सुनेला देते म्हणाली, आणि गेली. त्यानंतर मी दोनदा गेले. दोन्ही वेळा चहा मिळाला. फोटो नाही.

त्या सकाळचा एकच रंगीत फोटो आहे. तो डॉक्टरांनी मोबाइलवर काढून गटात टाकला होता, खाली लिहिलं होतं, 'काकू कामात'. तेव्हा सगळे हसले होते आणि मीही अंगठा पाठवला होता. त्यात तिचा अर्धा चेहरा पावडरीचा आहे आणि उरलेल्या अर्ध्यावर माझा रुमाल. पातळाचा मोरपंखी रंग छान आलाय. माझा चेहराही स्पष्ट आहे. मी डबा पुसताना असते तशी मी दिसते. गटात मी अजून जाते. या फोटोबद्दल सरांना मी काही सांगितलेलं नाही, आता सांगेन.

तुम्ही तुमच्या भिंतीवरचा फोटो काढायचा की ठेवायचा, ते तुम्ही ठरवा. ठेवलात तर कोणी विचारल्यावर सांगा, ती आहे, सकाळी तलावावर जाते, आणि तिला हा फोटो आवडला नव्हता.

तो फ्लेक्सही आहे. बुढ्याने तो जाळी ठेवायच्या छपरीवर ताणून बांधलाय, पावसासाठी. नवरा-नवरीचे चेहरे उन्हाने उडालेत, मित्रमंडळ तर ओळखूच येत नाही. टिकली अजून चिकटलेली आहे.