जुन्या कीबोर्डची अडकणारी पट्टी

कुठलीही वस्तू घरात आणायची म्हटली की ती का आणू नये, हे आमचे हे आधी सिद्ध करतात. फ्रिज घेताना त्यांनी माठाचे गुण गायले. कूलर घेताना, शहाद्याच्या भर मे महिन्यात, लिंबाच्या सावलीत माणूस कसा निरोगी राहतो ते सांगितलं. आणि दोन्ही वस्तू आल्यावर त्यांच्यासमोर पहिली खुर्ची ह्यांचीच. त्यामुळे मी जुन्या कीबोर्डचा विषय काढला आणि हे ताडकन "काही गरज नही" म्हणाले, तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, निम्मं काम झालं.

विषय निघाला तो पेटीवरून, म्हणजे ह्यांच्या हार्मोनियमवरून. ह्यांची नोकरी सरकारी, त्यातली बरीच वर्षं धडगावला गेली. सुट्टी संपवून परत जाताना घाटाच्या जीपमध्ये पेटी पुढच्या सीटवर, ह्यांच्या मांडीवर. बायकोला बसायला जागा मिळाली की नाही, याची चौकशी घाट उतरल्यावर. मी एकदा म्हटलंही, की तुमचं लग्न नेमकं कोणाशी लागलंय ते एकदा पाहुण्यांना विचारून घ्या. त्यावर हे हसले, पण पेटी काही खाली ठेवली नाही.

गेल्या वर्षी ह्यांना लकव्याचा झटका आला. हलका होता, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना काय, त्यांना सगळंच हलकं. पाय महिन्याभरात ताळ्यावर आला. बोलणं तर गेलंच नव्हतं, दवाखान्यातसुद्धा नर्सबाईंना चहा कसा करायचा ते शिकवत होते. मागे राहिला तो डावा हात. हलायचा, पण सावकाश, सरकारी फाइलीसारखा. आणि पेटीचा भाता डाव्या हातानेच मारायचा असतो. उजवा हात शाबूत, सूर सगळे बोटांत, पण हवा कोण भरणार?

मी म्हटलं, मी भरते. समोर बसले आणि मारायला लागले भाता. मला वाटलं, जितकी हवा जास्त तितका सूर चांगला. हे थोडा वेळ सहन करत राहिले, मग म्हणाले, "तू काय लोहारना भाता मारी ऱ्हायनी का?" आम्ही दोघं खूप हसलो. दुसऱ्या दिवशी ह्यांनी पेटीवर कापड घातलं, कडी लावली आणि ती कपाटावर ठेवायला शेजाऱ्याला हाक मारली. तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

खरा प्रश्न कानबाईचा होता. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाईचे रोट असतात, म्हणजे देवीचा कुळाचार. अख्खी भाऊबंदकी गावी जमते, सुरतेला गेलेले, नाशिकला गेलेले, सगळे. नारळाला नथ-बांगड्यांचा साज चढवून कानबाई आई, म्हणजे देवी, बसते, पुरणपोळ्या होतात, आणि बायका गाणी म्हणतात. आमच्याकडे ती गाणी अक्का म्हणते, ह्यांची थोरली बहीण. आणि पेटीवर हे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच पाहते आहे. अक्काचा आवाज उंच, थोडा फाटका, आणि ह्यांची पेटी त्याच्या मागे मागे, धाकट्या भावासारखीच. गेल्या वर्षी आम्ही दवाखान्यात होतो. यंदा ह्यांनी आषाढातच जाहीर करून टाकलं, "तू जाय रोटले. मी घर सांभाळस." आमच्या घरात सांभाळण्यासारखं एक मांजर आहे, आणि तेही शेजाऱ्यांचं.

अक्काचा फोन आला. "भाऊ, येस ना? तू बठना नही तं मले गानं सुचस नही."

"बघू," हे म्हणाले. बघू म्हणजे नाही, हे आमच्या घराण्यात सगळ्यांना कळतं. फोन ठेवल्यावर हे किती तरी वेळ मांजराकडे बघत बसले.

म्हणून मला कीबोर्ड हवा होता. त्याला भाता नसतो. सुरतेहून मुलगा म्हणाला, नवा पाठवतो. ह्यांनी फोन माझ्या हातून घेऊन त्याला सांगितलं, "अर्ध्या हातले नवं काय करनं?" मुलाने फोन ठेवला. मीही स्वयंपाकघरात गेले, कारण मला तिथे उभं राहवेना. पण जरा वेळाने डोकं चालायला लागलं. नव्याला 'नाही' म्हणतात, ठीक. जुन्याला कदाचित म्हणणार नाहीत. जुनी वस्तू जमली तर जमली, नाही तर भंगारवाला आहेच. तिच्यापुढे माणसाला संकोच वाटत नाही.

मुलगा मात्र बिथरला. "आई, आते जुनं कोन लेस? मोबाईलमाच सगळं वाजस. त्याना पार्टबी भेटतस नही." त्याचं चूक नव्हतं. असल्या कीबोर्डमध्ये ताल आणि साथ आत भरलेली असते. डाव्या हाताचं एक बोट टेकवलं की ढोलक, बासरी, तंतुवाद्यं सगळी मागे उभी राहतात. नव्यात ती जास्त असतात, जुन्यात कमी. मी म्हटलं, आपल्याला काय लग्नाची वरात काढायची आहे?

हे वाक्य मी बोलायला नको होतं, कारण खांडबाऱ्याला जो विकाऊ कीबोर्ड सापडला, त्याने आजवर वरातीशिवाय काही पाहिलंच नव्हतं. नंदुरबारपर्यंत एसटी, पुढे रेल्वे, असे आम्ही गेलो. 'नुसतं बघायला', ह्यांच्या शब्दांत. तो विकणाऱ्या बँडवाल्याने नवा संच घेतला होता आणि जुना दारात खाटेवर मांडला होता. पट्ट्यांच्या फटीत हळद बसलेली, बटणांना रंगीत टिकल्या, एका कोपऱ्यात कुंकू. ह्यांनी त्याला सारंगखेड्याच्या बाजारात घोडा पाहावा तसं पाहिलं. मागून पाहिलं, खालून पाहिलं, एकेक पट्टी दाबली, दात मोजायचे तेवढे राहिले. वरची एक पट्टी मुकी निघाली. पडदा इतका अंधुक, की आकडे वाचायला बँडवाल्यालाच बोलवावं लागायचं. अडॅप्टरची पिन रबर लावून बसवलेली.

"आबा, याना मझार वीस कलाकार शेत," बँडवाला म्हणाला, "एकबी जेवाले मांगस नही." आणि त्याने बटण दाबलं. टिमलीचा, म्हणजे आमच्याकडच्या वरातीतल्या नाचाचा, ताल असा काही उसळला, की समोरच्या घरातली म्हातारी हातातलं सूप घेऊनच बाहेर आली आणि वरात दिसेना म्हणून आमच्याकडे रागाने पाहू लागली.

परतीच्या गाडीत कीबोर्ड ह्यांच्या मांडीवर होता. मी माझी जागा शोधून घेतली.

घरी आल्यावर कळलं, की त्या वीस कलाकारांपैकी अठरा टिमलीवालेच आहेत. ह्यांनी अभंग सुरू केला की तो पहिल्या ओळीला चंद्रभागेच्या वाटेवर असायचा आणि दुसऱ्या ओळीला नवापूरच्या लग्नात. शिवाय एक खोड अशी, की ताल तयारीत ठेवलेला असला तर डावा हात पट्ट्यांवर नुसता पडला तरी सगळं दणक्यात सुरू. भजनी मंडळाचे प्रमुख एकदा ह्यांच्या तब्येतीची विचारपूस करायला आले. गंभीर चेहरा, हातात सफरचंदं. "देवाची इच्छा," असं ते म्हणत होते तेवढ्यात ह्यांचा डावा हात दमून पट्ट्यांवर टेकला. पुढचं मिनिटभर आमच्या बैठकीत जे काही वाजलं, त्यात देवाची इच्छा ऐकू आली नाही. प्रमुखांनी चेहरा तसाच ठेवला. पाय मात्र त्यांचा खाली ताल धरत होता, मी पाहिला.

त्यानंतर हे रुसले. "बटन दाबीसन गानं वाजस, तं मंग मिक्सरलेबी वादक म्हना." मी म्हटलं, मिक्सरला निदान भांडं तरी धुवावं लागतं, तुमच्या ह्याला तेही नाही. दोन दिवस कीबोर्ड पलंगाखाली. तिसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर बैठकीतून अक्काच्या आवडीच्या गाण्याची चाल येत होती. मी पिशवी हळूच ठेवली आणि दाराबाहेरच बसले.

उजवा हात सरळ चालला होता. डाव्याला काम एवढंच, की एक पट्टी सोडून दुसरी धरायची, मग साथ बदलते. पण बोट उठायला वेळ लावायचं. गाणं पुढच्या घरी जायचं आणि साथ मागच्याच घरात बसून राहायची. मग सगळं बेसूर. ह्यांनी वाजवणं थांबवून पट्टीवर टिचकी मारली.

"ही पट्टी अटकस," मला पाहून म्हणाले. "जुनं शे ना."

मी रोज तो कीबोर्ड पुसते. मऊ कापड घेऊन एकेक पट्टी दाबून पुसते, फटीतली हळद काडीने काढते. ती पट्टी अडकत नव्हती. मुकी होती ती वरची, दुसरीच.

"हाव," मी म्हटलं, "अटकस. काय करता, जुनं ते जुनंच."

आमच्याकडे कोणी येऊन विचारतं, की घरच्यासाठी असला जुना कीबोर्ड घ्यावा का. मी त्यांना पट्ट्या तपासा, पिन तपासा, स्पीकर फाटलाय का ऐका, एवढं सांगते. पण माझ्या मनातलं खरं उत्तर वेगळं आहे. नव्या वस्तूत खोट नसते, मग चुकलं की चूक माणसावर येते. जुनी वस्तू ती आपल्या अंगावर घेते, आणि तिच्यावर कोणी संशयही घेत नाही. त्या महिन्यात ह्यांनी डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू एकदाही दाबला नाही, पण त्या पट्टीला शिव्या देत रोज सकाळ-संध्याकाळ डावा हात चालवला. शेजाऱ्यांना सांगायचे, अटकस. दूधवाल्याला सांगायचे, अटकस. मी सगळ्यांसमोर मान डोलवायचे.

आणि श्रावण लागल्यावर एक दिवस हे कीबोर्डकडे बोट दाखवून आपणहून म्हणाले, "रोटले हाई पेटी नेऊत का? अटकस, पन चालस." मी पोळी लाटत होते. तव्यावरची पोळी मी करपू दिली आणि त्यावर ह्यांनी काहीच टीका केली नाही, इतके ते घाबरलेले होते.

गावी रविवारच्या दुपारपासून घर भरलं. चुलीपाशी पुरणाचा घमघमाट, ओटीवर चपलांचा ढीग. दिवेलागणीला आरती झाली, बायका आईसमोर बसल्या, मधे अक्का. तिने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी कीबोर्ड मांडीसमोर ओढला, ताल लावला, टिमली नव्हे, मोठ्या मेहनतीने शोधलेला एक साधा ताल, आणि अक्काने सूर धरला.

पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीला बोट उशिरा उठलं. तालाला काय त्याचं, तो पुढे निघून गेला. अक्का गोंधळली, मागच्या बायका अर्ध्या पुढे, अर्ध्या मागे. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा गाणं आपोआप थांबलं.

मुलगा पुढे आला. त्याला बापाची बाजू घ्यायची होती. "आप्पानं काय चुकस नही," तो सगळ्यांना म्हणाला, "ती पट्टीच अटकस. जुनं शे. उद्या मी नवा लई येस." सगळ्यांनी माना डोलावल्या. हो हो, जुनं आहे, कोणी तरी म्हणालं, जुन्याचं असंच. मीही सवयीने मान डोलवायला लागले.

ह्यांनी पट्ट्यांकडे पाहिलं. मग मान वर केली, अक्काकडे.

"पेटी बेस शे," हे म्हणाले. "पट्टी अटकस नही. मन्हा हात अटकस."

भरल्या घरात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं. मुलाने खाली पाहिलं. मला वाटलं, आता हे उठतील, आणि उठले की परत कधी बसणार नाहीत.

अक्काने पदर सावरला. "अटकू दे," ती म्हणाली. "आमले काय गाडी पकडनी शे? तो ताल बंद कर. तू वाजाड, आम्ही थांबसूत."

ह्यांनी ताल बंद केला. अक्काने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ओळ संपली की ती शेवटचा सूर धरून ठेवायची, डोळे ह्यांच्या डाव्या बोटावर. बोट उठायचं, सरकायचं, पुढच्या पट्टीवर टेकायचं, आणि मग ती पुढची ओळ उचलायची. मागच्या बायकांनीही तो ठेका धरला. सगळ्या एका श्वासात थांबायच्या, एका श्वासात निघायच्या. मी ढसढसा रडत होते आणि जाऊबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत गात होत्या.

इतकं लांबलेलं ते गाणं मी कधी ऐकलं नव्हतं. पुरणपोळ्या थंड झाल्या, पोरं पेंगली, पण आवरा म्हणून कोणी म्हटलं नाही.