यादीत न आलेले तारे

माझ्या धाकट्या बहिणीला, प्रितीला, लोक शांत समजतात. डोंबलाची शांत! ती डूख धरते, आणि मला त्याचा अभिमान आहे. मी तिचा मोठा भाऊ संघर्ष, लिफ्ट दुरुस्त करतो.

वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली ही पोर ताऱ्यांवर पीएचडी झाली. ताऱ्याचा प्रकाश फोडला की त्यात लोखंड किती ते कळतं म्हणे. असे लाखभर तारे तपासणाऱ्या सर्व्हेवर तिने हितेंद्र सरांच्या हाताखाली तीन वर्षं घासली. निष्कर्ष निघाला की कमी लोखंडाचे जुने तारे आकाशगंगेच्या आपल्या भागात जवळजवळ नाहीतच. पेपर पाठवायच्या आठवड्यात सरांनी त्यावरून तिचं नाव काढून टाकलं. म्हणाले, आकडेमोड काय, कोणीही करतं.

आई रडली. मी त्याची कॉलर धरायलाच निघालो होतो. प्रितीने मला बसवलं आणि ताऱ्यांची मूळ यादी उघडली. यादी सरांची होती, म्हणून तोवर तिने ती डोळे झाकून मानली होती.

आमच्या चाळीत मागे एक सर्व्हेवाला भर अकरा वाजता यायचा. दाराला कुलूप दिसलं की खोली रिकामी लिहून मोकळा. अरे बाबा, माणसं कामावर गेलीत! इथेही तेच झालेलं. यादीत फक्त झगझगीत तारे घेतले होते, आणि कमी लोखंडाचे तारे मुळात मंद. ते यादीत आलेच नाहीत, आणि साहेबांनी लिहिलं, नाहीतच. दुरुस्ती सरळ होती. समजा, तसल्या शंभरातले दहाच यादीत आले असतील, तर त्यातला प्रत्येक तारा दहांच्या जागी धरायचा.

सरांचा पेपर छापून यायला अजून दोन महिने होते. एका मेलने सरांची अब्रू वाचली असती. मी म्हटलं, सांगू नकोस हं. ती म्हणाली, सांगतंय कोण.

पेपर आला. सरांना शाल, नारळ, भाषणं. प्रिती तिथे जाऊन पेढा खाऊन आली. चार महिन्यांनी तिचा पेपर आला, एकटीच्या नावावर. जुने तारे सातपट निघाले. सरांनी केलेलं सगळं पाण्यात गेलं. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी सगळ्या मजल्यांवर जिलेबी वाटली.

परवा सरांचा फोन आला. तिने मुद्दाम स्पीकर लावला.

"प्रिती, आमचा पेपर छापायच्या आधी तुला हे माहीत होतं?"

"हो सर."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यावर माझं नाव असतं तर बोलले असते," ती म्हणाली, आणि कुकर लावायला उठली.