शकूमावशीच्या दारावरचं घुबड

शकूमावशी परवा गेली. आणि आमच्या चाळीत म्हणतायत, घुबडामुळे गेली.

हार्ट अटॅकने गेली. डॉक्टरांनी लिहून दिलंय.

पण तिच्या दारावर घुबड टांगलेलं होतं ना. जीन्सच्या कापडाचं, वीतभर. तिनेच शिवलेलं.

म्हणून हे लिहितेय. एवढं मोठं मी शाळेच्या निबंधातही लिहिलं नव्हतं.

मावशी बुवापाड्यात आमच्या शेजारी राहायची. सख्खी नाही, पण सख्ख्या मावशीने मला एवढ्या शिव्या दिल्या नसत्या. जवळच्या कॅम्प पाच भागात जीन्सच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर नुसते खिसे शिवायची.

"भटकभवानी, मी आयुष्यभर खिसे शिवले आणि तुझा बघ, कायम रिकामा."

मी बारावी अर्धी सोडलेली. कधी मलंगगडाकडे, कधी बारवी धरणाकडे, पाय नेतील तिकडे. चिखलोलीला स्टेशन होणार म्हणून एकदा नुसती ते बघायला गेले होते. स्टेशन काही दिसलं नाही, पण तिथे एक म्हातारे आजोबा भेटले, त्यांनी मला... असो.

गेल्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी अशीच बदलापूरला फिरत होते. एका मोठ्या सोसायटीमागच्या झाडाला काहीतरी पांढरं लटकत होतं. मला वाटलं पिशवी.

पिशवीने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

गव्हाणी घुबड. पंख मांज्यात कापलेला.

साप पकडणाऱ्या एका दादाला फोन केला, त्याने सोडवलं. त्याच्याकडे जखमी पक्षी ठेवायची रीतसर परवानगी आहे. म्हणाला, "जखम भरेल. पण परत उडायला शिकवायचं तर खोलीएवढा पिंजरा पाहिजे. तेवढं बजेट नाही आपलं. नाही उडालं तर जन्मभर खोक्यात."

मी मावशीला हे नुसतं सांगितलं. जेवताना. ती घास तसाच धरून बसली.

"जन्मभर खोक्यात?"

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून गोणीभर कतरण घेऊन आली. शेठ म्हणाला म्हणे, "ले जाओ, कचरा ही है."

घुबडं शिवून विकायची, पिंजऱ्याचे पैसे जमवायचे, असं तिचं ठरलं होतं. अंग जीन्सचं. तोंड खिशाच्या आतल्या पांढऱ्या कापडाचं. डोळे तांब्याच्या बटणांचे. ती कामावरून आली की शिवायची, मी कापूस भरायचे. आठ दिवस मी एका जागी बसले, हे आईला अजून खरं वाटत नाही.

मग त्याच सोसायटीत महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं, बाहेरच्यांनाही स्टॉल लावायला देतात. मावशीने टेबल हॉलच्या बाहेर लावलं, चपलांच्या बाजूला.

"आत का नाही?"

"नवरा नाही ना गं मला. आत हळदीकुंकू चाललंय. इथंच बरं."

तासभर एकही विकलं नाही. बायका यायच्या, हातात घ्यायच्या, मग "अगंबाई, घुबड?" म्हणून असं खाली ठेवायच्या, जसं काही चावलं.

मी म्हटलं, "मावशी, आपल्या डोक्यातच नाही आलं, घुबड अशुभ मानतात."

"माझ्या आलं होतं. मला वाटलं, मोठ्या सोसायटीतल्या बायका शिकलेल्या असतील."

मग मी शक्कल लढवली. पुढच्या बाईला सांगितलं, पेंग्विन आहे. लगेच दोन घेतले.

मावशी उठली. "ताई, घुबड आहे ते. ही पोरगी खोटं बोलली. नको असेल तर पैसे परत घ्या."

घेतले परत. मावशी मला म्हणाली, "त्याच्यासाठी मागायचं आणि त्याचंच नाव लपवायचं?"

एवढ्यात मंडळाच्या अध्यक्ष कर्णिककाकू बाहेर आल्या. "अहो, आजच्या दिवशी हे? मोर, पोपट काही नाही का?"

"मोर मांज्यात सापडला असता तर मोर शिवला असता," मावशी म्हणाली. "हे तुमच्याच मागच्या झाडावर होतं. उंदीर खायला यायचं. गाड्यांच्या वायरी कुरतडतात ना तुमच्याकडे?"

चपला काढत असलेली एक बाई हसायला लागली. "आमची दोनदा कुरतडली. द्या एक."

ती ते घेऊन आत गेली, कर्णिककाकूंना हळदीकुंकू लावलं आणि घुबडच वाण म्हणून पुढे केलं.

संक्रांतीचं वाण नाकारायचं नसतं. आणि हा नियम सगळ्यांना काकूच सांगत फिरतात.

काकूंनी पदर पुढे केला. अख्खा हॉल हसला, शेवटी काकूपण.

त्यानंतर बायका आमची घुबडं एकमेकींना लुटत होत्या. टेबल रिकामं.

पिंजरा उभा राहिला. चैत्रात एका संध्याकाळी दादाने बारवीच्या बाजूला घुबड सोडलं. मावशी हाफ डे टाकून आली होती. ते उडालं, वळूनसुद्धा बघितलं नाही.

"तुझ्यावर गेलंय," मावशी म्हणाली आणि डोळे पुसले.

पहिलं शिवलेलं तिने स्वतःच्या दारावर टांगलं होतं.

परवा तिला न्यायच्या आधी चाळीतल्या पुष्पाताई म्हणाल्या, "ते काढ आधी. त्यानेच नेलं हिला." मी कुणालाही उलट बोलते, पण परवा अंगात जोर नव्हता. स्टुलावर चढले, गाठीला हात घातला.

"राहू दे ते."

कर्णिककाकू. बदलापूरहून आल्या होत्या, आमच्या गल्लीत पहिल्यांदाच.

"माझ्या दारावर वर्षभर आहे. आमचे हे शहाऐंशीचे झालेत, सकाळीच माझ्याशी भांडलेत."

पुष्पाताई बाजूला झाल्या. मी खाली उतरले.

जाताना काकू हळूच म्हणाल्या, "यंदा टेबल आत लावायचं ठरवलं होतं गं मी. आता कोण शिवणार?"

मी बोलून गेले, "मी."

आज मावशीच्या सासरहून आलेल्या मुलीने स्वतःहून शिलाई मशीनवर झाकलेलं कापड काढून दिलं. दुपारभर बसले. एक झालं. तोंड वाकडं आलंय, पोट सुटलंय, सरळ पेंग्विन दिसतो.

पण कुणी विचारलं तर घुबडच सांगणार.

मावशी, नीट जा. तुझ्या भटकभवानीचा शेवटचा नमस्कार.