कुलपाचं आयुष्य

माइमू माझी विद्यार्थिनी. गणितात बेताची, पण वही इतकी नेटकी की गुण कापताना मलाच वाईट वाटायचं. तार्तू शहरातल्या दत्तक कचेरीत तिने छत्तीस वर्षं नोंदी सांभाळल्या. मूल देऊन टाकणाऱ्या प्रत्येक आईला ती सांगायची, "तुमचं नाव माझ्या कपाटाबाहेर जाणार नाही." पुढे सगळं संगणकावर गेलं, तेव्हा मूळ कागद तिनेच भट्टीत घातले. संगणकातलं कुलूप जास्त भक्कम, असं तिला वाटलं. मलाही.

गेल्या हिवाळ्यात कुणीतरी त्या नोंदींची नक्कल पळवली. कचेरी निर्धास्त होती. कुलूप म्हणजे दोन प्रचंड मूळसंख्यांचा गुणाकार. त्यावरून त्या दोन संख्या शोधायला आजच्या संगणकाला युगं लागतील. मग एक तज्ज्ञ आला. पुरेसा मोठा क्वांटम संगणक तयार झाला की हे काम काही तासांचं, म्हणाला. दहा वर्षं, कदाचित पंधरा. चोराला थांबायला काय जातंय? कचेरीने नवं कुलूप बसवलं आणि केक कापला.

"पण चोरीला गेलेल्या नकलेवर जुनंच कुलूप आहे ना?" माइमूने विचारलं.

तेव्हापासून ती एकेका आईच्या घरी जाते. व्होरू गावाजवळच्या एर्नाकडे मलाही घेऊन गेली. "बाई, आकड्यांचं तुम्ही सांगा. मला रडू येतं."

एर्ना अडुसष्ट वर्षांची. अंगणात तिचा नवरा एंडेल लाकडं फोडत होता. लग्नाआधी तिने दत्तक दिलेल्या मुलीबद्दल त्याला काही ठाऊक नव्हतं.

"पंधरा वर्षं?" माझं ऐकून एर्ना हसलीच. "अहो, तोवर आम्ही म्हातारा-म्हातारी मातीखाली! उघडू दे मेल्याला. पाव घ्या."

काळा पाव कापता कापता तिचा हात थांबला.

"आमची लेक लीना तेव्हा पन्नाशीची असेल," ती हळूच म्हणाली. "आपल्याला एक बहीण आहे, हे तिला परक्याकडून कळणार. आणि विचारायला मी नसणार."

"मी शब्द दिला होता," माइमू म्हणाली.

"दिला होतास. तुझं कपाटच बरं होतं गं."

एर्नाने सुरी ठेवली, खिडकी उघडली. "एंडेल, कुऱ्हाड ठेव. आत ये."

"का? पाहुण्या निघाल्या?"

"निघतायत. तू ये."

आम्ही निघालो. बसथांबा लांब होता. तिथे पोहोचेपर्यंत कुऱ्हाडीचा आवाज पुन्हा आला नाही.